लालमहंमदचा न दिसणारा जोड

संगमनेरला जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावर लालमहंमदची पत्र्याची टपरी आहे. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढंच लिहिलंय. नाव लिहायची त्याला कधी गरज वाटली नाही. गाडीचा लाइट लागत नसेल, हॉर्न वाजत नसेल, सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होत असेल, तर रस्त्यावरचा कोणीही सांगतो, लालमहंमदकडे जा.

वय अठ्ठावन्न. अंगाने काटक. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. उजव्या अंगठ्याचं नख अर्धंच उरलेलं. बोलणं कमी, आणि जे बोलायचं तेही गाडीच्या पोटात डोकं घालून.

वडील ट्रॅक्टरचे डायनॅमो दुरुस्त करायचे. सतराव्या वर्षी त्यांनी त्याला नगरला पाठवलं. छावणीजवळ एका उस्तादाकडे तो नऊ वर्षं राहिला. लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या तिथे यायच्या. उस्ताद त्यांची सगळी वायरिंग उकलायला लावायचा. एकेक वायर. कुठून निघते, कुठे जाते, मधे कोणी कापून जोडली आहे का. ते डोळे मिटून बोटाने शोधायचं. जोड बोटाला लागला की उस्ताद म्हणायचा, “ही गाठ आहे. सोड आणि परत कर.”

नऊ वर्षांत लालमहंमदच्या हाताला ते भिनलं. दोन वायरींच्या तारा मोकळ्या करायच्या. एकमेकींत विणायच्या. वर सोल्डरचा पातळ थर. त्यावर नळीसारखी स्लीव्ह. मग कापडी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक आत दाबायचं. वरून बोट फिरवलं तर कळणार नाही. संगमनेरात गमतीने म्हणायचे, लालमहंमदचा जोड डॉक्टरला दाखवला तरी टाका सापडायचा नाही. तो ऐकायचा आणि चष्मा पुसायचा. आपल्याला हसू आलंय हे कळू नये म्हणून.

पूर्वी कोणी जादा लाइट बसवायला आलं की तो सरळ बॅटरीवरून जाड वायर घ्यायचा. मधे फ्यूज, मधे जादा भार पेलायला रिले. बोनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं. कुठे काही बिघडलं तर कोणालाही सापडावं असं काम.

मग नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर वॉरंटी आली. गिऱ्हाईक लाइट आणि हॉर्न घेऊन यायचं आणि म्हणायचं, “चाचा, बसवा. पण दिसायला नको. शोरूमवाल्यांनी बघितलं तर वॉरंटी जाईल.”

दिसायला नको. लालमहंमदला यात अवघड काय होतं? बॅटरीवरची जाड वायर दिसते. म्हणून तो कंपनीच्या वायरींच्या जुडीतच हात घालू लागला. जुडीवरचा टेप सोडायचा, हवी ती वायर कापायची, तिच्यातून आपली वायर काढायची आणि जुडी होती तशी गुंडाळायची. बोनेट उघडून कोणी कितीही बघो.

त्यातून गावात एक रीत पडली. फ्री सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी गाडी लालमहंमदकडे यायची. तो लाइट आणि हॉर्न काढायचा, वायरीची टोकं आत लपवायचा, सामान पिशवीत भरून वर मालकाचं नाव लिहायचा. पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला. गाडी शोरूमला जाऊन आली की सामान परत गाडीवर. हॉटेलात बसलेले लोक एकमेकांना विचारायचे, “काय, लाइट माहेरी ठेवले का?” भिंतीवर कायम आठ-दहा पिशव्या लटकलेल्या असायच्या. शोरूमवाल्यांनाही ही रीत माहीत होती. पण सापडत काही नसे.

मोनिका त्याच्या हाताखाली तयार झाली. टपरीमागच्या गल्लीत राहणाऱ्या रतनबाईची ही मुलगी. रतनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. मोनिका आयटीआयला होती तेव्हा सुट्टीत येऊन टपरीपुढे उभी राहायची. लालमहंमदने आठ दिवस तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी तिच्या हातात टेस्टर दिला. बाईमाणसाला काय शिकवतो म्हणून लोक हसले. दोन वर्षांनी तेच लोक गाडी आणल्यावर विचारायचे, “मोनिका कुठंय?”

तिला शोरूमच्या वर्कशॉपात नोकरी लागली, तेव्हा लालमहंमद शब्द टाकायला स्वतः गेला होता. सर्व्हिस मॅनेजर रविराज याला त्याने सांगितलं, “हात माझ्यासारखा आहे. डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

मोनिका रविवारी टपरीवर यायची. एका ईदला तिने कंपनीच्या कापडी टेपची चार रिळं आणली. वर्कशॉपात उरलेली, रविराजला विचारून घेतलेली. लालमहंमदने टेप बोटाने ताणून पाहिला. “असा टेप बाजारात नाही,” तो म्हणाला आणि रिळं कपाटात ठेवली.

त्याच दिवशी तिने विषय काढला.

“चाचा, आता तयार किट येतं. वायरी जोडणारं कंपनीचं कपलर काढायचं, किटचं मधे लावायचं. करंट बॅटरीवरून. एकसुद्धा वायर कापायची नाही.”

“ज्याला जोड येत नाही त्याच्यासाठी आहे ते.”

“तसं नाही. वायर कापली की त्या लाइनची वॉरंटी कंपनी देत नाही.”

“दिसली तर ना?”

“आणि तुम्ही कंपनीच्या वायरीतून लाइट ओढता. ती वायर त्यांच्या दिव्यापुरती असते. बारीक असते.”

“बेटा,” लालमहंमद म्हणाला, “तू जन्मायच्या आधीपासून मी वायरी ओढतोय.”

गौहरने, म्हणजे लालमहंमदच्या बायकोने, मोनिकाच्या पुढ्यात घरून आणलेली शीरखुर्म्याची वाटी ठेवली. विषय तिथेच थांबला.

पाडव्याला भिमाजीने नवी पिकअप घेतली. भिमाजी अकोले गावाच्या पलीकडचा. राजूरकडच्या वाड्यांवरून दूध गोळा करून संगमनेरला आणतो. पूजा झाली, हार घातला आणि गाडी सरळ टपरीपुढे.

“लालभाई, पावसाळ्यात आमच्याकडं धुकं लई असतंय. म्होरचा माणूस दिसत न्हाई. दोन पिवळे लाइट टाका. आन् हॉर्न असा टाका की बैल बी बाजूला झाला पाहिजे.”

“दोन लाइट आणि मोठा हॉर्न. लोड जास्त होईल.”

“मग काय करायचं?”

“बॅटरीवरून घेतो. पण दिसेल.”

“आं? आन् वॉरंटी?”

लालमहंमदने बोनेटमध्ये पाहिलं. नवी कोरी वायरिंग. काळ्या टेपमध्ये कशी घट्ट बसलेली. त्याला तिच्यात हात घालायचा मोह झाला, हेही खरंच.

“बसवतो,” तो म्हणाला. “नाही दिसणार.”

त्याने दोन ठिकाणी जोड दिला. एक डॅशबोर्डखाली, दुसरा डाव्या हेडलाइटच्या मागे. वर मोनिकाने दिलेला कंपनीचा टेप. काम झाल्यावर त्याने स्वतःच बोट फिरवून पाहिलं. स्वतःलाही जोड लागला नाही. त्या दिवशी घरी जाताना त्याने गौहरसाठी जिलबी नेली.

आषाढात एका सकाळी सहाला भिमाजीचा फोन आला.

“लालभाई, गाडी घाटात बंद पडली. डॅशखालून धूर आला. आता निस्ती मेल्यावानी हुबी हाय.”

“शोरूमला फोन केला?”

“केला. त्यांची टोइंगची गाडी निघालीय. पर लाइट तर गाडीवरच हायेत! तुमी आधी या.”

लालमहंमदने स्कूटर काढली. पावसाची भुरभुर होती. दीड तासाने तो घाटात पोचला. दुधाचे कॅन एका जीपवाल्याने पुढे नेले होते. भिमाजी गोणपाट डोक्यावर घेऊन वळणावर उभा होता. टोइंगची गाडी कुठे आली ते फोनवर विचारत होता.

लालमहंमद डॅशखाली आडवा झाला. आधी त्याला वास आला. मग दिसलं. त्याचा जोड तसाच होता. स्लीव्ह कुठे सुरकुतलीसुद्धा नव्हती. पण जोडाच्या मागची कंपनीची बारीक वायर तापून तपकिरी पडली होती. पुढचं कपलर वितळलं होतं. कपलरमागचा कंट्रोल बॉक्स काळा झाला होता.

तो तसाच पडून राहिला. समजायला वेळ लागला नाही. दोन लाइट, हॉर्न आणि तासन्‌तास धुकं. बॅटरीवरून जाड वायर घेतली असती, फ्यूज टाकला असता, तर फार तर फ्यूज गेला असता. त्याने ती वायर घेतली नाही, कारण ती दिसली असती. गाडी लपवण्यामुळे जळाली होती.

“काय झालं वो?” भिमाजीने वाकून विचारलं.

“बॉक्स गेलाय.”

“आपल्या लाइटमुळं?”

लालमहंमदने कपाळावरचा घाम पुसला. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

हे त्याचं पहिलं खोटं. मग त्याने आपली वायर काढली, जोडाचं टोक जुडीत बसवलं, त्याच कंपनीच्या टेपने गुंडाळलं. लाइट आणि हॉर्न पिशवीत भरले. पाऊस मानेवर पडत होता आणि हात मात्र नेहमीसारखेच चालत होते. टोइंगची गाडी वळणावर दिसली तेव्हा तो स्कूटरला किक मारत होता. चोरासारखं निघालो, असं त्याला वाटलं. रस्ता चुकलेल्या माणसासारखा तो संगमनेरऐवजी राजूरच्या दिशेनेच दोन किलोमीटर गेला आणि मग परत फिरला.

आठ दिवस काही झालं नाही. मग रतनबाई टपरीवर आली. ती कधी अशी भर दुपारी येत नसे. पदराला शाळेच्या खिचडीची हळद लागलेली होती.

“भाऊ, मोनीला काढायला लागलेत.”

“कुठून?”

“नोकरीवरनं. भिमाजी दूधवाल्याची गाडी हाय ना, तिच्यात कुनीतरी वायर कापून जोडलीय म्हनं. पुन्याचा विंजिनेर आला हुता. तो म्हनतो, टेप कंपनीचा हाय. बाहेर मिळत न्हाई. म्हंजी वर्कशॉपात कुनीतरी केलं. आन् मोनीनं दुसऱ्या सर्व्हिसिंगला त्याच गाडीचा डॅश खोलला हुता. स्विच बदलाया. कार्डावर सही तिची.”

लालमहंमदच्या हातात बल्बचा होल्डर होता. त्याने तो खाली ठेवला.

“मोनिका काय म्हणते?”

“काय बी म्हनत न्हाई! तेच तर. म्या केलं न्हाई, एवढंच म्हनती. कुनी केलं आसंल म्हनलं तर भिताडाकडं बघत बसती. शनवारपर्यंत कुनी केलं ते लिहून दे म्हनलेत, न्हाईतर घरी बस. भाऊ, तुमी तिचे गुरू. तुमी जाऊन सांगा त्यांना. माझी पोरगी आसं चोरून काम करनारी न्हाई. तुमचा शब्द ऐकतील.”

टपरीच्या भिंतीवर पिशव्या लटकत होत्या. त्यातल्या एकीवर लालमहंमदच्या अक्षरात भिमाजीचं नाव होतं. रतनबाईला वाचता येतं. पण ती भिंतीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

“जातो,” तो म्हणाला. “सांगतो त्यांना.”

“लई उपकार होतील भाऊ.”

ती गेली. लालमहंमदने उठून ती पिशवी काढली आणि कपाटात, टेपच्या रिळांमागे टाकली. कपाट लावलं. डोक्यात टपली मारल्यासारखं त्याला कळलं, की आपण आता हेसुद्धा लपवलं.

तो गेला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला.

गुरुवारी भिमाजी येऊन बसला. खुशीत होता.

“लालभाई, काम झालं बघा. चूक शोरूमची निघाली. बॉक्स नवा, वायरिंग नवी, सगळं फुकट. आता फकस्त तुमी गप बसा.”

“त्या मुलीची नोकरी जातेय, भिमाजी.”

“तिला दुसरीकडं लागंल की. हातात कला हाय. माझं दूध आठ दिस भाड्याच्या टेम्पोनं चाललंय, ते कुनी बघायचं? आन् तुमीच म्हनला हुता ना, नाही दिसणार?”

भिमाजी वाईट माणूस नव्हता. लालमहंमदच बोलला होता, नाही दिसणार.

त्या संध्याकाळी गौहरने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली.

“अजी, गल्लीतून जाताना रतनबाईनं मला थांबवलं. विचारत होती, भाऊ जाऊन आले का शोरूमला. मी काय सांगू?”

“उद्या जातो म्हणून सांग.”

“उद्या जाऊन काय सांगणार?”

लालमहंमदने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. घाट, वास, तपकिरी वायर, टेप, कपाटातली पिशवी. सांगताना तो ताटाकडे बघत होता.

गौहरने त्याच्यापुढचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “तिला माहीत असेल.”

“कोणाला?”

“मोनिकाला. तुमचा हात ती ओळखणार नाही?”

लालमहंमदला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे सुचलं होतं. त्याने ते आत दाबलं होतं, टेपच्या टोकासारखं.

“ती भिंतीकडे का बघत बसते?” गौहर म्हणाली. “उठा, हात धुवा. आज काही तुमच्याच्याने जेवण व्हायचं नाही.”

शुक्रवारही तसाच गेला. शनिवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून शोरूमला गेला. काचेच्या दारातून आत जायचं त्याला धैर्य झालं नाही. मागच्या फाटकातून वर्कशॉपात गेला. भिमाजीची पिकअप रॅम्पवर होती. डॅश उघडलेला. शेजारी रविराज, पुण्याचा इंजिनिअर आणि मोनिका. भिमाजीही आला होता, गाडी कधी मिळते ते विचारायला. मोनिकाच्या हातात कोरा कागद होता.

“या चाचा,” रविराज म्हणाला. “शब्द टाकायला आलात ना? मला वाईट वाटतंय. पण माझ्या हातात नाही.”

“जोड माझा आहे,” लालमहंमद म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. दूर कुठेतरी टायर उतरवायचं मशीन चालू होतं. रविराजला नीट ऐकू आलं नसावं.

“काय म्हणालात?”

“मुलीनं काही केलं नाही. लाइट मी बसवले. वायर मी कापली. घाटात जाऊन लाइट काढले ते मी.”

“लालभाई!” भिमाजी ओरडला. “तुमचं डोकं फिरलं का?”

पुण्याचा इंजिनिअर तरुण होता. त्याने लालमहंमदकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही तिचे गुरू आहात असं ऐकलंय. तिला वाचवायला म्हणत असाल. टेप आमचा आहे, आणि तो बाहेर मिळत नाही.”

“मॅनेजरसाहेबांनीच दिलाय. ईदला. तिच्या हातून.”

रविराजने मान खाली घातली. “दिला होता,” तो पुटपुटला.

“तरी याने काही सिद्ध होत नाही,” इंजिनिअर म्हणाला.

“तुम्हाला एक जोड सापडला. दुसरा डाव्या हेडलाइटच्या मागे आहे. कपलरपासून चार बोटं आत.”

इंजिनिअरने वाकून जुडीवर बोट फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. लालमहंमद पुढे झाला, टेपचं आत दाबलेलं टोक नखाने उचकलं आणि जुडी उलगडली. स्लीव्हमध्ये जोड होता. गुळगुळीत. इंजिनिअर पाहतच राहिला.

“कमाल आहे,” तो नकळत म्हणाला.

लालमहंमदला आयुष्यभर हा शब्द आवडत आला होता. आज त्याला तो अंगावर थुंकल्यासारखा वाटला.

“मग वायरिंगची आणि बॉक्सची वॉरंटी नाही,” इंजिनिअर भिमाजीला म्हणाला. “इंजिन, गिअर, बाकी सगळ्याची आहे तशी राहील. ते कोणी घेत नाही तुमच्याकडून. पण जे कापलं आणि त्यामुळे जे जळालं, ते कंपनी भरून देणार नाही.”

भिमाजी खाली टायरवर बसला.

“एक राहिलं,” इंजिनिअर म्हणाला. “दुसऱ्या सर्व्हिसिंगला यांनी डॅश उघडला होता. पहिला जोड तिथेच आहे. यांना तो दिसायला हवा होता. दिसल्यावर कार्डावर लिहायला हवा होता.”

लालमहंमद घाईने म्हणाला, “तिला कसा दिसेल? तुम्हाला तरी आत्ता दिसला का? माझा जोड दिसत नाही.”

त्याने हे तिला वाचवायला म्हटलं. पण म्हणताना आवाज जरा चढला, मान जरा ताठ झाली. ते त्याला स्वतःलाच जाणवलं.

“दिसला होता,” मोनिका म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“दिसला नाही. बोटाला लागला. तुम्हीच शिकवलं होतं, चाचा. डोळे मिटून शोधायचा. मी ओळखला. कार्डावर लिहायचं होतं. लिहिलं नाही. तुमचं नाव येईल म्हणून.”

“बेटा, गप्प बस.”

“तेव्हा लिहिलं असतं तर भिमाजीभाऊंनी लाइट काढून टाकले असते. गाडी जळाली नसती.” ती रविराजकडे वळली. “सर, जोड मी केला नाही. पण लपवला. ते लिहून देते.”

तिने बोनेटवर कागद ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर सरळ होतं. लालमहंमदला तो कागद ओढून घ्यावासा वाटला. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. काय करावं हे त्या हातांना पहिल्यांदाच कळत नव्हतं.

रविराजने कागद वाचला. तिची नोकरी राहिली. पण वायरिंगच्या कामावरून तिला काढलं. सहा महिने गाड्या धुण्याच्या विभागात, मग बघू.

फाटकापाशी लालमहंमदने तिला गाठलं.

“तू मला का नाही सांगितलंस? एकदा येऊन बोलली असतीस.”

“मी वाट बघत होते, चाचा.”

“कधीपासून?”

“पुण्याहून साहेब आले त्या दिवसापासून. तुम्ही याल असं वाटत होतं.” ती थांबली. “आईनं तुम्हाला सांगितल्यावर तर नक्कीच वाटत होतं. तेव्हापासून पाच दिवस झाले.”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि गमबूट शोधू लागली.

भिमाजी रस्त्यावर टेम्पोची वाट बघत उभा होता. लालमहंमद त्याच्याजवळ गेला.

“बॉक्स तेवढा घ्यावा लागेल तुला. वायरिंग मी करून देतो. सगळी. उघडी, बॅटरीवरून.”

“नगं,” भिमाजी म्हणाला. “शोरूमवालेच करतील. तुमी हात लावू नगा.” मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. “म्या बी म्हनलंच हुतं, दिसायला नगं. पर तुमाला कळत हुतं, लालभाई. मला कुठं कळत हुतं?”

टेम्पो आला आणि भिमाजी त्यात चढला.

लालमहंमद टपरीवर गेला नाही. तो शाळेकडे चालत गेला. दुपारची सुट्टी झाली होती. पोरं व्हरांड्यात रांगेत बसून खिचडी खात होती. स्वयंपाकाच्या खोलीत रतनबाई पातेलं खरवडत होती. त्याला दारात बघून ती हात पुसत उठली. चेहरा उजळला.

“भाऊ! गेल्ता ना? ऐकलं का त्यांनी?”

“ऐकलं.” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “नोकरी राहिली तिची. पण काम बदललं. गाड्या धुवायला लावलंय. माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळं कसं?”

“जोड माझा होता, रतनबाई. तू टपरीवर आलीस तेव्हा मला माहीत होतं. गाडीचे लाइट मागच्या भिंतीवरच लटकत होते. तू गेल्यावर मी ते लपवले.”

तिला एकदम कळलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. एक पोरगं ताटली पुढे करून “मावशी, अजून” म्हणत आलं. तिने त्याला एक डाव वाढला. दुसराही वाढला. पोरगं गेलं.

“म्या तुमच्या म्होरं हात जोडले, भाऊ,” ती म्हणाली. “तवा सांगायचं हुतं.”

“हो.”

“तवा सांगितलं आस्तं तर पोरीला रोज रात्री तोंड फिरवून झोपायला नसतं लागलं. मला वाटलं, तिनंच काय केलंय. म्या तिला मारलं, भाऊ. बुधवारी. एवढ्या मोठ्या पोरीला.”

बुधवारी लालमहंमद टपरीवरच बसून होता.

रतनबाईने पातेलं नळाखाली ओढलं आणि पाठ फिरवून घासायला घेतलं. पाण्याच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. परत विचारायची त्याची हिंमत झाली नाही.